बेथेलचा दगड

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रांनी मूर्तिमात्रास मनाई केलेली आहे, तेव्हा ज्या ख्रिस्ती देवालयात पुतळा दिसेल तेथे त्या लोकांनी आपलेच शास्त्र मोडले असे समजावे, आणि जो हिंदू मूर्तीपुढे हात जोडतो त्याच्याविरुद्ध त्या शास्त्राचा निवाडा केव्हाच एकतर्फी होऊन गेला आहे असे मानावे, हा सिद्धान्त परभणीतील माझे एक वकील स्नेही गेली कित्येक वर्षे इतक्या निःशंकपणे मांडीत आले आहेत, की त्यांच्या ओसरीवर बसणाऱ्या मंडळींना आता त्यासाठी साक्षीपुराव्याचीही गरज वाटत नाही. मूर्तीविषयीचा त्यांचा तिटकारा मिशनऱ्यांकडून उसना आणलेला नव्हे. तो घरचा आहे. त्यांचे वडील १९३८-३९ च्या आर्यसमाजी सत्याग्रहात निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले, आणि घरात देव्हाऱ्याच्या जागी हवनकुंड. अशा माणसाने मूर्तिपूजा त्याज्य म्हणावी यात मला काहीच वावगे वाटत नाही. परंतु आपल्या पक्षाला बळकटी यावी म्हणून ते जेव्हा मोशेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि जे तो बोललेला नाही ते त्याच्या जबानीत घालतात, तेव्हा ज्याचे सारे आयुष्य तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यात मिसली लावण्यात गेले अशा माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही.

त्यांचा आवडता दाखला जालन्याजवळच्या बेथेलचा आहे. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण गृहस्थांनी १८४३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून गावकुसाबाहेरच्या कुटुंबांसाठी ती वसाहत उभी केली. परभणीहून मानवत रोड, सेलू, परतूर अशी स्थानके घेत जालन्याला जाणाऱ्या कोणालाही वकीलसाहेब सांगतात, की मराठवाड्यात दगडाला देव न म्हणणारे गाव पाहायचे असेल तर ते तिथे आहे. हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे मला परत यायचे आहे.

त्यांच्या दाव्याचा पाया निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील आज्ञा हा आहे. तीत आकाशात, पृथ्वीवर किंवा पाण्यात जे काही आहे त्याची कोरीव प्रतिमा करण्याची मनाई आहे, आणि अशा प्रतिमेच्या पाया पडण्याची व तिची सेवा करण्याची मनाई आहे. वकीलसाहेब म्हणतात, पहिले कलम स्वतंत्र आहे. प्रतिमा केली की गुन्हा पुरा झाला, पूजा होवो वा न होवो. हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. परंतु एकाच कागदावर नजर टाकून फेरफार मंजूर करणाऱ्या कारकुनावर जो प्रसंग ओढवतो तोच इथे वकीलसाहेबांवर ओढवतो, कारण त्याच मिसलीत, पाचच अध्याय पुढे, तोच हुकूम देणारा देव त्याच मोशेला सांगतो, की कराराच्या कोशावर, म्हणजे त्या पवित्र पेटीवर, सोन्याचे दोन पंखधारी करूब घडवून बसवावेत. आणि आणखी सहा अध्यायांनी बसालेल नावाच्या कारागिराविषयी असे म्हटले आहे, की सोन्यारुप्याचे आणि लाकडाचे नकसकाम करता यावे म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले. घडवणे हाच जर गुन्हा, तर पहिला गुन्हेगार हा बसालेल, आणि त्याला चिथावणी देणारा कोण हे वकीलसाहेबांनीच सांगावे. पुढे शलमोनाने यरुशलेमच्या मंदिरात जैतुनाच्या लाकडाचे दहा दहा हात उंचीचे दोन करूब उभे करून सोन्याने मढवले, गंगाळसागर या हौदाखाली पितळेचे बारा बैल बसवले, सिंहासनाच्या पायऱ्यांवर सिंह ठेवले. जोसिफस या पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकाराने त्या बैलांबद्दल आणि सिंहांबद्दल शलमोनाला दोष दिला आहे, हे मी लपवीत नाही. वकीलसाहेबांना हवा असलेला हा एक जुना आणि वजनदार साक्षीदार आहे. पण खुद्द राजांच्या ग्रंथाने शलमोनाला ज्या अपराधाबद्दल दोषी धरले तो बैल घडवल्याचा नव्हे, परदेशी राण्यांच्या देवांमागे लागल्याचा आहे.

मूळ हिब्रू आज्ञेत 'करू नको' या शब्दांना लागूनच 'आपल्यासाठी' असा एक शब्द आहे. भाषणात तो सहज गिळला जातो. आमच्याकडे पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीची बैलजोडी आणून पुजतो, आणि वकीलसाहेबांची नातवंडेही दरसाल ती आणतात, त्याविषयी मी एकदा हटकले तेव्हा ते म्हणाले, "अहो, ती पोरांची खेळणी आहेत." मीही तेच म्हणतो. माती तीच, आकार तोच, कुंभार तोच. शेजारच्या घरी तिला नैवेद्य दाखवतात आणि यांच्या घरी ती संध्याकाळपर्यंत अंगणात मोडून पडते. म्हणजे गुन्हा घडवण्यात नाही, वागवण्यात आहे, हे त्यांनी आपल्या ओसरीवर कबूल केले. मोशेच्या वेळी मात्र ते कबूल करायला तयार नाहीत.

बैलांचा विषय निघालाच आहे, तर सोन्याच्या वासराची मिसलही उघडावी. मोशे सीनाय पर्वतावर करूबांचा नकाशा समजून घेत असताना खाली लोकांनी कानातील सोन्याची कुंडले काढून अहरोनाला दिली आणि त्याने त्यांचे वासरू ओतले. आणि पुढे पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी जे दान गोळा झाले त्यातही पुन्हा कानातील कुंडले आहेत. लोक तेच, धातू तोच, दोन्हीकडे आकृती सजीव प्राण्याची. आणि यावर कडी म्हणजे वासरापुढे वेदी बांधून अहरोनाने जो उत्सव पुकारला तो कोणा परक्या देवाचा नव्हे, इस्राएलाच्या देवाचाच होता. मग एक पवित्र आणि दुसरे पापमय कशाने झाले? मला तर मुखत्यारीखेरीज दुसरे उत्तर दिसत नाही. करूबांमागे हुकूम होता. वासरामागे केवळ धीर सुटलेल्या लोकांची गरज होती. मालकाच्या नावाने, पण मालकाच्या सनदेवाचून केलेला व्यवहार कोणतीही कचेरी मान्य करीत नाही, मग त्यात रकमेची अफरातफर झालेली असो वा नसो.

आणि सनदसुद्धा कायमची नसते. गणनेच्या ग्रंथात सर्पदंशाने माणसे मरू लागली तेव्हा मोशेने देवाच्या आज्ञेने पितळेचा सर्प करून खांबावर लावला आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले. काही शतकांनी हिज्कीया राजाने तोच सर्प फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. त्या मधल्या काळात पितळेत काही फरक पडला नव्हता. जे शास्त्र एकाच वस्तूला एकदा औषध म्हणते आणि एकदा तिचे तुकडे करणाऱ्याची वाखाणणी करते, त्याने मूर्तिदोष वस्तूत मानलेला नाही हे याहून उघड कसे सांगावे? येशूनेही निकदेमाशी बोलताना आपल्या वर उचलले जाण्याला उपमा घेतली ती त्या सर्पाचीच.

यावर वकीलसाहेब यशयाकडे धाव घेतात, आणि ती त्यांची सर्वांत भक्कम तटबंदी आहे. चव्वेचाळिसाव्या अध्यायात त्या संदेष्ट्याने मूर्तिकाराचे जे चित्र काढले आहे त्याला उपहासवाङ्मयात तोड नाही: सुतार एक झाड तोडतो, त्यातल्या अर्ध्या लाकडावर मांस भाजतो, शेकत बसतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्यापुढे लोटांगण घालून म्हणतो, मला तार. वाचताना हसू येते, आणि हसू आले म्हणजे माणूस चौकशी करायचे विसरतो. परंतु ज्या बाबिलोनी मूर्तींवर हा वार होता त्यांच्या घडणीचे विधी मातीच्या विटांवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांत मूर्तीच्या 'मुखप्रक्षालना'चा मोठा विधी आहे. त्या विधीत ज्या कारागिरांनी मूर्ती घडवली त्यांचे हात बांधून झाऊच्या लाकडाच्या तलवारीने ते तोडल्याचा अभिनय करतात, आणि कारागीर शपथेवर सांगतात, की ही आम्ही केली नाही, कारागिरांच्या देवाने केली. म्हणजे 'हे तुमच्या हातचे काम आहे' हा आक्षेप बाबिलोनच्या पुरोहितांना आधीच ठाऊक होता आणि त्याचे उत्तर त्यांनी विधीत बांधून ठेवले होते. यशया कारागिरांची हत्यारे, घाम आणि पोटातली भूक इतक्या बारकाईने वर्णितो ती नेमके ते उत्तर खोडून काढण्यासाठी. हे प्रतिपक्षाच्या वकिलाचे भाषण आहे, पंचनामा नव्हे. आणि वकिलाचे भाषण पुराव्यात धरू नये हे मी वकीलसाहेबांना काय सांगावे!

हीच चूक १८३१ साली मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी केली. मोरभट दांडेकरांशी त्यांचा जो वाद झाला, ज्यातून मोरभटांचे हिंदुधर्मस्थापनाचे पुस्तक आणि दुसऱ्या वर्षी विल्सनसाहेबांचे इंग्रजी प्रत्युत्तर निघाले, त्याची जात पुढे १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या समुद्रकिनाऱ्यावरील वादांपर्यंत कायम राहिली. यशयाने बाबिलोनच्या सुतारावर काढलेले व्यंगचित्र मिशनरी पक्षाने पंढरपूरच्या वारकऱ्याची तसबीर म्हणून पुढे केले. आमच्या मूर्तिपूजेत आवाहन आहे तसे विसर्जन आहे; सकाळी केलेले पार्थिव लिंग पूजेनंतर पाण्यात जाते, दहा दिवसांचा गणपती गोदावरीत जातो, आणि माती हीच देव असती तर तिला बुडवणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवावा लागला असता, एवढी साधी गोष्ट त्या विद्वानाने विचारात घेतली नाही. पण आमच्या बाजूचे लोकही या वादात फार प्रामाणिक राहिले असे नाही. 'तुमच्या कोशावरही पुतळे होते, तेव्हा तुम्हीही मूर्तिपूजक' हा जो टोला मारण्यात आला आणि आजही व्याख्यानांतून मारला जातो, तो साफ चुकतो. कारण करूबांची पूजा कोणी केली नाही, आणि देवाचे बोलणे ज्या ठिकाणाहून येई ते त्या दोघांच्या पंखांमधली मोकळी जागा होती. दोन मूर्ती घडवून त्यांच्यामध्ये काहीच न ठेवणे यात जो अर्थ आहे तो टोला मारणाऱ्यांच्या ध्यानी आला नाही.

मूर्तीला तोंड आहे पण बोलत नाही, पाय आहेत पण चालत नाही, असे स्तोत्रकर्त्याने म्हटले आहे आणि वकीलसाहेब ते फार खुलवून सांगतात. परभणी जिल्ह्यात बसून हे सांगायला धाडस लागते. याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवाच्या घरी राबली, आणि तिचा विठ्ठल विटेवरून उतरून तिच्याबरोबर जाते ओढतो, गोवऱ्या वेचतो, तिचे केस विंचरतो. देव दगडाच्या आत अडकून पडलेला नाही ही गोष्ट तिला स्तोत्रकर्त्याइतकीच ठाऊक होती, फक्त तिने ती उपहासाने न सांगता लाडाने सांगितली. आणि ज्यांना उपहासच हवा त्यांच्यासाठी औंढा नागनाथ आहे, जो १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. गोरा कुंभाराने थापटणे मारून ज्या नामदेवाला कच्चे मडके ठरवले तो गुरू शोधत तिथे आला, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून दुसरीकडे ठेवू लागावे तो तिथेही पिंडी. हा प्रसंग गाभाऱ्यात घडतो, आणि कथेच्या शेवटी ना पिंडी फुटते, ना नामदेव पंढरी सोडतो. मूर्तीची मर्यादा सांगण्यासाठी आम्हांला हिज्कीयाचा घण लागला नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

ख्रिस्ती लोकांच्या आपसातील कज्जात मी फार खोल शिरणार नाही. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चित्रे आणि प्रतिमा नष्ट करण्याचा हुकूम सोडला तेव्हा प्रतिमांच्या बाजूने सर्वांत चांगली कैफियत लिहिली ती दमास्कसच्या योहानाने, ज्याच्या घराण्याने मुसलमान खलिफांच्या महसुली दफ्तरात नोकरी केलेली होती. निजामाच्या पेशकारी परंपरेत वाढलेल्या आम्हां लोकांना हा माणूस ओळखीचा वाटावा. अदृश्य देवाची प्रतिमा करता येत नाही हे मान्य, पण तोच देव देह धारण करून दिसला असेल तर त्या दिसलेल्याची का करू नये, हा त्याचा प्रश्न. आणि ७८७ च्या निकाया येथील परिषदेने प्रतिमेला नमन आणि देवाची उपासना यांत भेद करून तो मान्य केला.

मला थांबावेसे वाटते ते सोळाव्या शतकातील एका दशकापाशी, कारण त्यात आमचा गोमंतक गुंतलेला आहे. डिसेंबर १५६३ मध्ये त्रेंत येथील धर्मपरिषदेने ठराव केला, की ख्रिस्ताच्या व संतांच्या प्रतिमा ठेवाव्यात व त्यांचा मान राखावा, मात्र त्यांच्यात काही दैवी शक्ती आहे म्हणून नव्हे. मान प्रतिमेला नसून जिची ती प्रतिमा तिला पोचतो. आणि पूर्वीचे मूर्तिपूजक लोक मूर्तींवर जशी भिस्त ठेवीत तशी ठेवू नये. १५६६ साली नेदरलँड्समध्ये कॅल्विनपंथी जमावांनी त्याच कॅथॉलिक प्रतिमा मूर्तिपूजेच्या नावाखाली फोडल्या. आणि १५६७ साली राशोलच्या किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतील देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश त्याआधीच, १५६० साली, नदीपलीकडे प्रियोळला गेला होता. आता कुशस्थळीच्या पुजाऱ्याला कोणी विचारले असते, की तू या दगडाला देव का म्हणतोस, तर मान दगडाला नसून ज्याचे आवाहन केले त्याला आहे, याहून त्याने वेगळे काय सांगितले असते? त्रेंतच्या पाद्र्यांनी फ्लँडर्समधील जमावाला जे उत्तर तयार ठेवले तेच उत्तर साष्टीतील पुजाऱ्याच्या तोंडी असू शकेल अशी शंकाही त्यांच्या कप्तानाला शिवली नाही. दुसऱ्याची मूर्ती ती मूर्ती आणि आपली ती प्रतिमा, हा न्याय कोणत्याही शास्त्रात नाही. तो तोफखाना ज्याच्या ताब्यात त्याचा न्याय आहे. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की त्याच राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले, आणि ते मराठी ओवीत होते.

राहिले ज्यू लोक, ज्यांना वकीलसाहेब आपला हुकमी पत्ता समजतात. मिश्ना या त्यांच्या धर्मसंहितेत रब्बान गमलिएल आक्को शहरी अफ्रोदिती देवीचा पुतळा असलेल्या हमामात स्नान करताना एका ग्रीकाने त्याला हटकल्याची गोष्ट आहे. त्याचे उत्तर असे, की मी तिच्या हद्दीत आलो नाही, तीच माझ्या हद्दीत आली. हमाम तिच्या शोभेसाठी नसून ती हमामाच्या शोभेसाठी आहे. आणि जिला लोक देव म्हणून वागवतात ती निषिद्ध, जिला तसे वागवीत नाहीत तिला मुभा. पोळ्याच्या बैलांविषयी वकीलसाहेब जे बोलले तेच. सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपस येथे १९३२ साली जे प्रार्थनामंदिर सापडले त्याच्या भिंती इसवी सन २४५ च्या सुमाराच्या चित्रांनी भरलेल्या आहेत, त्यांत मोशे आहे, राजे आहेत, आणि वरून खाली येणारा देवाचा हातही आहे. आणि आमचे कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणत आणि ज्यांच्यासाठी विल्सनसाहेबांनी १८३२ साली मराठीत हिब्रूचे व्याकरण छापले, ते मूर्ती ठेवीत नाहीत हे खरेच. पण अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हानाबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला ते त्या 'टाप्या'वर मलिदा घेऊन जातात. प्रतिमा नाही, पण पाऊल जिथे पडले तो दगड आहे. आमचे महानुभावही मूर्ती पुजत नाहीत आणि चक्रधर स्वामी जिथे बसले त्या जागेचा ओटा वंदितात. या दोन समाजांची गाठ पडून कोणी कोणाला शिकवले असे मला सुचवायचे नाही.

एका मुद्द्यावर मात्र वकीलसाहेबांचा दावा मी मान्य करतो, आणि तो मान्य केल्यावाचून हा वाद प्रामाणिकपणे संपत नाही. ज्यू शास्त्राच्या मनाईचे खरे कारण अनुवाद ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात दिले आहे: होरेबाच्या, म्हणजे सीनायच्या, दिवशी तुम्ही शब्द ऐकला, रूप पाहिले नाही. आमच्या संतांची सारी तळमळ रूप पाहण्याची आहे. ते समचरण, ते कटीवरचे कर. एक परंपरा कानांची, एक डोळ्यांची. शिवाय त्या शास्त्रात देव आपले ठिकाण आपण नेमतो; माणसाने मंत्र म्हणून प्राणप्रतिष्ठा करावी आणि देवाने येऊन बसावे ही कल्पना यशयाला कितीही समजावून सांगितली तरी पटणार नाही, आणि 'सर्व धर्म अखेर एकच सांगतात' असे म्हणून ही दरी बुजवणाऱ्यांचा मला वकीलसाहेबांपेक्षा जास्त कंटाळा आहे. पण हा तंटा देव कुठे भेटतो याचा आहे, छिन्नी हातात घ्यावी की नाही याचा नाही. आणि 'मूर्तिमात्रास मनाई' हे शब्द त्या मिसलीत कोठेही नाहीत.

आता बेथेल. या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घरातून पळालेला आहे, रात्र पडली म्हणून एक दगड उशाला घेऊन उघड्यावर निजतो, स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी पाहतो, आणि सकाळी उठून तोच दगड उभा करून त्यावर तेल ओततो व त्या जागेचे नाव बेथेल ठेवतो. आमच्या शिवारात बांधावरच्या ज्या दगडाला तेल-शेंदूर माखलेला असतो, त्याच्या धन्याला ही हकिगत समजावून सांगावी लागणार नाही. पुढे लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांनी असे उभे दगड स्पष्टपणे वर्ज्य केले. यराबाम राजाने आपली दोन सोन्याची वासरे बसवली त्यातले एक याच बेथेलला. आणि योशीया राजाने तिथली वेदी पाडली, कबरी उकरून हाडे काढली आणि ती त्या वेदीवर जाळून ती भ्रष्ट केली. जालन्याजवळच्या वसाहतीला हे नाव देणाऱ्यांना हा सारा इतिहास ठाऊक होता, आणि तरी त्यांनी हेच नाव निवडले. मी हे वाचून दाखवले तेव्हा वकीलसाहेब काही वेळ चष्मा पुशीत बसले, आणि मग त्यांनी एवढेच विचारले, की योशीयाने याकोबाचा तो दगडही फोडला काय. मी राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा तेविसावा अध्याय काढून त्यांच्यापुढे ठेवला. वेदी, टेकडीवरचे पूजास्थान, अशेरेची मूर्ती, कबरी, सगळ्यांची नोंद त्यात आहे, दगडाची नाही.